दासीचं पुढे काय झालं

“मग राजानं राणीला किल्ल्यात कोंडलं, ते किती वर्षं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“बरीच. केस पांढरे झाले तिचे,” सून म्हणाली आणि तिने पान उलटलं.

“मेल्याला स्वतःच्या बायकोला कोंडताना काहीच वाटलं नाही?” सासूबाई पडल्या पडल्या कळवळल्या. त्यांनी डाव्या हाताने सुनेचं मनगट धरलं होतं. उजवं अंग आजारपणात गेलं, मागोमाग डोळेही गेले, तेव्हापासून ऐकताना मनगट धरून ठेवायची त्यांना सवय लागली होती.

पुस्तकं इंग्रजी असायची. जुन्या इंग्लंडातल्या राजाराण्यांच्या उशीएवढ्या जाड कादंबऱ्या. सून मनात वाचायची आणि घरच्या भाषेत सांगायची. तिला दुसरं काही चालत नसे, म्हणून वाचनालयातल्या बाई तिला ‘राणीसरकार’ म्हणत. राणीसरकारांचं राज्य म्हणजे एक पलंग, त्याखालचं भांडं आणि ओल्या चादरींची दोरी. बाजार आणि वाचनालय यापलीकडे त्यांची स्वारी कधी गेली नव्हती.

त्याच बाईंनी काल तिला थांबवून घेतलं होतं. “माझे गुडघे आता ऐकत नाहीत. दुपारची देवघेव तू सांभाळशील? उद्या सांग मात्र. टपून बसलेल्या पुष्कळ आहेत.”

ती घरी आली ती जमिनीवर पाय नसल्यासारखी. नवरा जेवता जेवता म्हणाला, “माझी कुठे ना आहे? आईला विचार.” दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आईला विचारायचं कसं? सरळ तोंड उघडायचा धीर होईना, म्हणून तिने राणीचा आडोसा घेतला. आठवड्यापूर्वी पुस्तकात एक ओळ आली होती : राणीबरोबर तिची एक दासीही आत गेली. बस, एवढंच. राणी निदान राजाशी भांडली तरी होती. दासीने कोणाचं काय घोडं मारलं होतं? ती ओळ सुनेच्या डोक्यातून जाईना. मग तीच दासीला वाढवत गेली. दासी राणीचे केस विंचरते, तिला कुशीवर वळवते, खिडकीतून नदी बघते. सासूबाईंनाही दासीचा लळा लागला होता.

आज राजा मेला. किल्ल्याचं दार उघडलं.

“राणी दासीला म्हणाली, ‘तू माझं पुष्कळ केलंस. आता दुपारची तरी जरा बाहेर जात जा.’ ”

सासूबाईंनी कान टवकारले. मग म्हणाल्या, “हे पुस्तकात नाही.”

“आहे की!”

“दासी आली की तुझं पान उलटत नाही. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले.”

चोरी पकडली गेल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिने वाचनालयाचं सगळं सांगून टाकलं. दुपारपुरतंच जायचंय, शेजारच्या काकू येऊन बसतील, त्यांना विचारलंयसुद्धा.

“काकू मला उचलतील? मी ओली झाले तर त्यांच्यासमोर तशीच पडून राहू?” सासूबाई रडवेल्या झाल्या. “मी तुला कोंडून ठेवलंय, असं वाटतं का गं तुला?”

हो, हा शब्द सुनेच्या ओठांपर्यंत आला. मनगट हिसडून घ्यावं इतका तिला राग आला होता. पण सासूबाईंची भीती खोटी नव्हती, हेच तिचं दुर्दैव.

“तसं नाही हो आई,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती पुस्तक परत करून आली. बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि कादंबरीचा दुसरा भाग तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तो उघडला. सासूबाईंनी मनगट चाचपून धरलं.

“राणी राहू दे आज,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्या दासीचं सांग. गेली का ती बाहेर?”

“गेली.”

“लांब?”

“नदीच्या काठानं खूप लांब गेली. एक गाव लागलं. तिथे तिला काम मिळालं, टेबलाशी बसायचं. लोक यायचे, तिला नावानं हाक मारायचे.” सून सांगत राहिली. इतकं छान तिने कधीच सांगितलं नव्हतं. पुस्तक मांडीवर पहिल्याच पानावर उघडं होतं, आणि मनगटावरची पकड आवळत चालली होती.

“आणि मग परत आली ना गं ती?”

सुनेची नजर मांडीवरच्या पुस्तकाकडे गेली. मग सासूबाईंना नीट ऐकू जाईल असं तिने पान उलटलं.

“आली,” ती म्हणाली.