मालकाची सही

ट्रक विकत घेणं सोपं. तो कायद्याने रस्त्यावर काढताना नाकी नऊ येतात. कर नोंदणी, रस्ता कर, विमा, गाडीचं पासिंग, सगळं मी तीन महिने एकटीने निस्तरलं. बाबा नुसते ट्रक पुसत होते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकलेला माणूस आता घरच्या गाडीवर बसणार होता. कारखान्याचा पहिला माल उद्या सकाळी उचलायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं. आरटीओ कार्यालयातली परवान्याची खिडकी पाचला बंद व्हायची, आणि पावणेपाच वाजले होते.

खिडकीतल्या बाईंनी शेवटचा कागद पुढे सरकवला. "मालक तुम्हीच ना? इथे सही करा. चालकाची नजर आणि तब्येत ठीक असल्याची तुम्ही स्वतः खात्री केलीय, असं लिहिलंय."

"डॉक्टरांचा दाखला जोडलाय की."

"दाखला डॉक्टरांचा. जबाबदारी मालकाची."

दाखला देणारे डॉक्टर म्हणजे बाबांचे पत्त्यांच्या डावातले मित्र. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. आज मात्र सकाळपासून बाबा सारखे विचारत होते, "कितवा नंबर चाललाय?" आणि फलकावरचे आकडे चांगले वीतभर उंच होते.

मी मागे वळले. "बाबा, समोरच्या भिंतीवरची पाटी वाचा."

"आता बापाची परीक्षा घेतेस? कर सही, वेळ चाललाय."

"वाचा ना."

"बाहेर जाण्याचा मार्ग," ते ठणकावून म्हणाले.

पाटीवर 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं होतं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हेवी लायसनवाला दुसरा चालक आहे का? नसेल तर परवाना नाही."

दुसरा कोण असणार? सही करायला दोन सेकंद लागले असते. बाबांवर माझा जीव आहे, आणि त्या क्षणी मला त्यांचा भयंकर संताप आला. पेन कागदावर टेकलेलं होतं. मी ते उचललं.

"नाही करत मी सही."

खिडकी बंद झाली. आता बाबा चारचौघांत माझा उद्धार करणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ते बाकावर बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"गेल्या महिन्यात, जुन्या मालकाच्या शेवटच्या फेरीला," ते हळू आवाजात म्हणाले, "एक बाई पार चाकापाशी आल्यावर दिसली मला. कडेवर मूल होतं तिच्या. तू सही केली असतीस ना पोरी, तर उद्या मी निघालोच असतो."