फक्त याच ब्राउझरमध्ये

मावशीला दिसत नसे, पण तिचं कुणावाचून अडत नसे. घरोघरच्या खुर्च्यांचे वेत ती बोटांनी चाचपून विणायची. फोन अक्षरं वाचून दाखवायचा आणि ती त्याच्याशी पटापट कामं उरकायची. गेल्या वर्षी खुबा मोडला, तेव्हापासून मात्र घरात मदतीला बाई हवी होती. बाई सरकारकडून मिळणार होती, पण अर्ज उघडेना. "हे संकेतस्थळ फक्त याच ब्राउझरमध्ये चालेल," असं म्हणून फोन एका जुन्या ब्राउझरचं नाव घ्यायचा. तो काही तिच्या फोनवर चालत नव्हता. आज शेवटचा दिवस. हुकला की वर्षभर थांबा.

म्हणून संगणकाच्या कामातला भाचा रजा काढून तिला सेवा केंद्रात घेऊन आला.

"ज्यानं हे केलंय ना," रांगेत मावशी म्हणाली, "त्याला आण माझ्यासमोर. कान पिळायला डोळे लागत नाहीत!"

पुढचे-मागचे हसले. भाचाही हसला.

त्यानंच केलं होतं. आठ वर्षांपूर्वी. टेबलावरच्या संगणकात एकच ब्राउझर होता, त्यातच त्यानं अर्ज तपासला. बाकीच्यांतही चालला असता, पण उगाच तक्रारी कशाला, म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकून बाकी सगळ्यांना दार लावलं. साहेबांनी पाठ थोपटली होती.

खिडकीतला कारकून चांगला माणूस, फक्त आवाज खणखणीत.

"आजी, आंघोळ स्वतः करता?"

"नाही."

"मोठ्यानं बोला, पंखा घरघरतोय. संडासला जाताना कुणी लागतं?"

"लागतं."

"लघवी आवरते?"

रांगेत कुणी हसलं नाही. सगळे सभ्यपणे जमिनीकडे बघू लागले. मावशीनं पदर सारखा केला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कधी कधी नाही," ती म्हणाली, मोठ्यानं, सांगितल्याप्रमाणे.

देवानं माणसाला जीभ दिली ती अशाच वेळेसाठी. भाच्याची टाळूला चिकटून बसली.

अर्ज गेला. रस्त्यावर मावशी त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "तू यातलाच ना रे? सांग की त्या लोकांना चार शब्द."

"मावशी, ती 'फक्त याच ब्राउझरमध्ये'वाली ओळ मीच लिहिलीय."

ती थांबली. "माझ्या फोनवर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"म्हणजे घरी बसून, एकटीनं भरलं असतं मी."

"हो. उद्याच काढायला लावतो, मावशी."

"काढ. पण आत उभा होतास तू. ऐकत होतास."

मावशीनं दंडावरचा हात काढून घेतला. शेजारी कुणाची तरी पावलं वाजली, तशी ती तिकडे वळली.

"अहो, जरा पलीकडे सोडता का मला?"

त्या अनोळखी माणसानं आधी भाच्याकडे पाहिलं, तुम्ही यांच्याबरोबर नाही का, अशा नजरेनं. भाच्यानं मान खाली घातली.