होल्टेज

एका लग्नामागं पस्तीस मिनिटं वाचणार होती. लग्नांचे व्हिडिओ जोडून देणाऱ्या क्रांतीचा सगळा फायदा एवढाच. पण कडेगावजवळच्या त्या वस्तीवर लाईट सलग टिकायची पावणेचार तास, आणि मिक्सिंग झालेलं लग्न पूर्ण बाहेर काढायला तिचा कॉम्प्युटर घ्यायचा चार. शेवटची पंधरा मिनिटं, म्हणजे नेमकी पाठवणी, अंधारात जायची आणि नवरीला पुन्हा हळदीपासून सुरुवात करावी लागायची. म्हणून तिनं मोबाईलवर बघून प्रोसेसरचा वेग वाढवला होता. आणि आता ऐन मंगलाष्टकांत पडदा निळा पडला.

"मेलं परत थांबलं."

तिचा नवरा नानासो दारात उभा राहून बघत होता. पंचवीस वर्षं पाण्याच्या मोटरींत नवी तार भरलेला माणूस. एके काळी अंगणात जळक्या मोटरींची रांग असायची. सोलर पंप आले, दुरुस्ती कंपनीच्या माणसांकडं गेली, आणि नानासोला कुणी काही विचारीनासं झालं.

"होल्टेज कमी पडतंय त्याला," तो म्हणाला.

"ती काय मोटर हाय व्हय?"

"आगं, मोटर कशानं जळती? होल्टेज कमी पडलं की. पोटाला न्हाई आन् वझं तेवढंच. पळवायचं आसंल तर खायाला घाल की."

तिनं मशीन पुन्हा सुरू करून आकड्यांचा पडदा उघडला. व्होल्टेज सव्वा होतं, ते त्यानं एक पॉइंट तीसवर नेलं. लग्न पाठवणीसकट बाहेर आलं, तेही लाईट जायच्या वीस मिनिटं आधी. त्या वेळी नानासो बरोबर होता, आणि घोळ झाला तो तिथंच. पहिल्यांदाच चुकला असता तर बिचारा गप्प बसला असता.

काम सांगलीच्या राजवर्धनचं होतं. त्याचा मोठा स्टुडिओ. तीन लग्नं वेळेत दिली तर वर्षभराचं काम घरबसल्या, नाहीतर "इथंच या ताई, माझ्या मशीनवर बसा," असं त्यानं आधीच सांगितलं होतं. क्रांतीला दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं नव्हतं.

चौदा दिवसांनी दुसऱ्या लग्नात पडदा पुन्हा निळा पडला. नानासोनं विचारायचीही वाट पाहिली नाही, आकडा एक पॉइंट अडतीस केला. लग्न निघालं. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज मात्र गिरणीसारखा यायला लागला.

क्रांतीनं राजवर्धनला फोन लावला.

"ताई, व्होल्टेजला हात लावू नका," तो म्हणाला. "लगेच काही दिसत नाही, पण प्रोसेसर आतून झिजतो. झिजला की तेवढ्याच कामाला अजून मागतो, आणि अजून दिलं की अजून झिजतो. कुणी वाढवलं?"

"मीच," ती म्हणाली.

बाहेर नानासो शेजारच्या हरिबाला सांगत होता, "कंप्युटर बी शेवटी मोटरच रं गड्या. आमची हिला काय कळतंय?" किती दिवसांनी त्याचा आवाज असा भरून आला होता. हरिबा मान डोलवत होता. त्याला तरी कुठं कळत होतं!

तिसरं लग्न एका फौजीचं. त्याची सुट्टी शुक्रवारी संपत होती. बुधवारी नानासो गावात गेलेला बघून क्रांतीनं वेग आणि व्होल्टेज दोन्ही मूळच्या आकड्यांवर आणलं. चार तर चार तास, नशिबानं लाईट टिकली तर टिकली. विसाव्या मिनिटाला पडदा निळा. पुन्हा लावलं, पुन्हा निळा. जी चाल प्रोसेसरनं तीन वर्षं न कुरकुरता चालली होती, तीही आता त्याला झेपत नव्हती. मागं जायची वाट बंद, आणि पुढं एकच वाट, ती नानासोची.

तो आला. पडदा बघून हसला. "कमी केलंस व्हय? उपाशी मारतीस काय त्याला?"

त्याची बोटं आकड्याकडं गेली. एक शब्द बोलली असती तर थांबला असता. कदाचित त्यानंतर कुठल्याच गोष्टीला त्यानं हात लावला नसता.

"आवं, बघा तुमीच," ती म्हणाली आणि उठून त्याला खुर्ची दिली.

एक पॉइंट पन्नास. तासभर लग्न सुरेख चाललं. मग पडदा निळाही पडला नाही, नुसता काळा झाला. पुन्हा उजळला नाही.

"कशानं गेलं म्हनायचं?" रात्री जेवताना त्यानं ताटाकडं बघत विचारलं.

"जुनं हुतं," ती म्हणाली. "तुमी हुता म्हनून दोन लग्नं तरी निघाली."

नानासोनं भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी हरिबाला तेच वाक्य ऐकायला मिळालं, थोडं मीठमसाला लावून.

तर हिशेब असा झाला. प्रोसेसरनं जीव दिला. फौजी स्वतःचं लग्न न बघताच ड्युटीवर गेला. नानासोचं काहीच गेलं नाही, उलट होल्टेजचं कळणारा माणूस म्हणून वस्तीवर त्याला पुन्हा दोन जण विचारू लागले. बाकी सगळं क्रांतीच्या नावावर पडलं. सोमवारी पहाटे ती डबा घेऊन सांगलीच्या एसटीत चढली. बसायला जागा नव्हती. तासगाव येईपर्यंत ती दांडा धरून उभी होती.