एका तोंडाची टीम

सुनेत्रा बेहेरेच्या टीममधल्या पाचही जणांचे दात एकाच आठवड्यात पडले. सोमवारी नचिकेत ठोंबरेचे, शुक्रवारपर्यंत बाकीच्या चौघांचे. रक्त आलं नाही, दुखलं नाही. पडलेले दात कुणाला सापडलेही नाहीत.

खराडीतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर ही टीम बस आगारांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर लिहायची. सुनेत्रा त्यांची लीड. गेल्या तीन वर्षांत तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोडची एक ओळ बाहेर पडली नव्हती. कुणाचं चुकलं तर समजावत बसण्यापेक्षा ती स्वतःच लिहून टाकायची. समजावण्यात वेळ जातो, आणि पुन्हा चुकणार ते चुकणारच. त्यामुळे सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नचिकेत डबा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, तेव्हा तिला फारसं नवल वाटलं नाही.

"मॅडम, तेवढं चावून द्याल?"

डब्यात ज्वारीची भाकरी आणि भेंडी होती. सुनेत्रानं एकेक घास चावला आणि झाकणात काढून दिला. नचिकेतनं तो चमच्यानं खाल्ला आणि जागेवर जाऊन कामाला लागला.

पुढच्या सोमवारपासून पाच डबे येऊ लागले. एक वाजता ती सुरू करायची, तिचा स्वतःचा डबा उघडायला तीन वाजायचे. तोवर तिच्या जिभेला कशाचीच चव लागत नसे. पाच घरांची मिठं, पाच घरांची तेलं, आणि त्या सगळ्यावर तिची स्वतःचीच कोमट लाळ. पण चावण्यापेक्षा किळस यायची ती त्यांच्या वाट पाहण्याची. खुर्च्या सरकवून ते तिच्याभोवती बसत. ओठ आत वळलेले, हनुवट्या ओल्या. चावताना तिचा जबडा हलला की त्यांचेही जबडे हलत.

"आज जरा जाडसर राहिलंय, मॅडम," वैदेही एकदा म्हणाली.

सुनेत्रानं तो घास परत तोंडात घेतला.

वरच्या मजल्यावरचे साहेब, जोगळेकर, मात्र खूश होते. सहा महिन्यांत सॉफ्टवेअरमध्ये एकही चूक निघाली नव्हती. "पाच जण, एक तोंड!" ते म्हणाले. "बाकीच्या टीमना मी हेच सांगतोय." त्यांनी सुनेत्राच्या टेबलाला लागून एक लहानसं बेसिन बसवून दिलं.

त्यानंतर टीममध्ये तबस्सुम पटवेगार आली. मिरजेची, सव्वीस वर्षांची. पहिल्याच दिवशी तिनं जागेवर बसून काकडी खाल्ली. कर्रकन आवाज झाला आणि पाचही जणांनी माना वळवल्या.

"आवाज होतो," वैदेही म्हणाली.

"काकडी आहे. होणारच," तबस्सुम म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं सुनेत्रानंच लिहिलेला कोडचा एक जुना भाग कुणाला न विचारता बदलला आणि थेट आगारांना पाठवून दिला. सुनेत्रानं तो तीनदा तपासला. बरोबर होता. तिच्या मूळ लिहिण्यापेक्षा बरा होता.

"मला विचारायचंस ना आधी."

"विचारलं असतं तर तुम्हीच केलं असतं, मॅडम."

त्यात उद्धटपणा नव्हता. सुनेत्रानं बेसिनकडे वळून चूळ भरली. पाण्यात भाकरीचे कण होते, आणि ते कुणाच्या डब्यातले हे आता तिलाही सांगता येत नव्हतं.

जोगळेकरांपर्यंत गोष्ट गेलीच. "ती मुलगी टीममध्ये बसत नाहीये," ते म्हणाले. "महिनाभर बघ. बसव, नाहीतर काढून टाकू."

"बसव म्हणजे काय करू?"

"तिचाही डबा तुझ्याकडे येऊ दे."

त्या संध्याकाळी सुनेत्राचं तोंड मिटेना. सकाळी ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर ओसवाल बाई मोजायला बसल्या आणि बराच वेळ मोजत राहिल्या.

"एकशे ब्याण्णव," त्या म्हणाल्या. "यातले बत्तीस तुमचे."

त्यांनी आरसा धरला. हिरड्यांच्या आत एकामागे एक ओळी होत्या, कणसातल्या दाण्यांसारख्या. तिसऱ्या ओळीत चांदी भरलेली एक दाढ होती. नचिकेत हसायचा तेव्हा तीच चमकायची.

"टाळूवर अजून एका ओळीची जागा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिथली हिरडी सुजायला लागलीय."

सुनेत्राला काकडीचा आवाज आठवला.

"काढा."

"मुळं एकमेकांत गुंतलीत. तुमचेही येतील बरोबर."

"सगळे काढा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टीलच्या डब्यात दात घेऊन ऑफिसात आली. धुतलेले होते, तरी वास येत होता. मीटिंगच्या खोलीत तिनं सगळ्यांना बोलावलं आणि डबा टेबलावर पालथा केला.

"घ्या आपापले," ती म्हणाली. शब्द ओठांतून नुसते गळाले, पण त्यांना कळलं.

कुणी हात पुढे केला नाही. सुनेत्रानं चांदीची दाढ वेचून नचिकेतच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती एका बोटानं लांब ढकलली.

"ही माझी नाही."

"मॅडम, आमचं काही चुकलं का?" वैदेहीनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. आणि लगेच, त्याच आवाजात, "मग आता जेवणाचं कसं?"

एक वाजला होता. दाराजवळच्या खुर्चीत तबस्सुमनं आपला डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी. तिनं घास घेतला आणि ती चावू लागली. पाच खुर्च्या हळूहळू तिच्याकडे वळल्या. चाकं फरशीवर किरकिरली.

"ऊठ, तबस्सुम. जा," सुनेत्रा म्हणायला गेली, पण तोंडातून फक्त फेस आला.

तिनं कालपासून काही खाल्लं नव्हतं. भाजीला हिंगाचा वास होता. आपण केव्हा बसलो हे तिला आठवेना, पण खाली खुर्ची होती आणि तीही सरकत होती, इतरांच्या मागोमाग, दाराच्या दिशेनं. पाच तोंडं उघडली. मग सहावं उघडलं.

तबस्सुमचा जबडा थांबला. घास अजून तिच्या गालात होता.