खाली न उतरवलेली वार

येलाचे पत्र आले तेव्हा डॉक्टरांनी ते दोनदा वाचले, घडी घालून माझ्या आतल्या कप्प्यात ठेवले आणि कप्प्याचे बटण लावले. ‘उद्या उत्तर लिहू,’ असे ते मलाच म्हणाले असावेत, कारण खोलीत दुसरे कोणी नव्हते. मित्रांनो, त्याला अकरा वर्षे झाली.

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, घोड्यांच्या डॉक्टरांची. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. मी कधी फार बोललेले नाही, आणि माझे डॉक्टर ताडियाही बोलत नाहीत. त्यांच्या घरात छतापर्यंत पुस्तके आहेत आणि जेवायला एकच खुर्ची आहे.

मला एका खोगीर शिवणाऱ्या कारागिराने शिवले. माझे तोंड त्याने मुद्दाम रुंद ठेवले. खांद्यापर्यंत येणारे हातमोजे, रबरी नळी, आयोडीन आणि मिठाच्या पाण्याच्या बाटल्या, एवढे सगळे मला पोटात घ्यायचे होते. आमच्या यासेनिक गावात घरोघरी पांढऱ्या घोड्या असतात. लग्नाच्या गाडीला त्याच जुंपतात. घोडी अकरा महिने शिंगरू पोटात वागवते. व्याल्यावर तिचे गर्भाशय स्वतःच आतली घाण बाहेर टाकते आणि हळूहळू आवळत जाते. पण कधी कधी त्याला ते जमत नाही. आत पाणी साचते, रोग धरतो आणि पुढचा गर्भ टिकत नाही. बाहेरून घोडी मात्र चकचकीत दिसते, म्हणून लोकांना आजार पटत नाही. डॉक्टर मग कोमट पाण्याने तिचे गर्भाशय धूत, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. त्या वेळी ते घोडीशी सतत हळू आवाजात बोलत. घोडीचा मालक काही विचारू लागला की त्यांचे कान लाल होत.

आम्ही बऱ्या केलेल्या घोड्यांच्या शिंगरांना गावात ‘ताडियाची पोरं’ म्हणत. मीही तेव्हा मेण लावून चमकत असे. ती आमची चांगली वर्षे होती.

लास्ता ही येलाची घोडी. येला लग्न होऊन ब्लाझच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा माहेराहून ही घोडी तिच्याबरोबर आली होती. लास्ता पहिल्यांदा व्याली त्या सकाळी आम्ही गेलो, तर शिंगरू उभे राहून दूध पीत होते आणि वार, म्हणजे शिंगरामागून बाहेर पडणारी गर्भाची पिशवी, तळ्याकाठच्या उंच झाडावर टांगलेली होती. आमच्याकडे तशी रीतच आहे. वार जितकी उंच, तितकी शिंगराची मान उंच. ती कोणी खाली उतरवली, तर शिंगरू मान टाकते म्हणतात.

वार खरे तर जमिनीवर पसरून पाहायची असते. तिच्या एखाद्या टोकाचा तुकडा फाटून आत राहिला असेल, तर तो तिथेच कुजतो. डॉक्टरांनी हे शंभर वेळा वाचले होते. त्यांनी मान वर केली. फांदीवर कावळे बसले होते.

“वर बघू नका डॉक्टर, नजर लागते,” ब्लाझ म्हणाला आणि त्याने आलुबुखाराच्या दारूचा पेला पुढे केला. “घ्या. शिंगरू नर आहे.”

डॉक्टरांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि पेला घेतला. “छान आहे,” एवढेच ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला तीनदा या हातातून त्या हातात घेतले.

व्याल्यापासून नवव्या दिवशी घोडी माजावर आली. नववा दिवस सोडू नये, असे गाव मानते. घरचे पुरुष मक्याच्या पेरणीला गेले होते, म्हणून येलाच लास्ताला वळूघोड्याकडे घेऊन गेली. लास्ता गाभण राहिली नाही. पुढे तीन वसंत आम्ही तिला धुतले. पहिल्यांदा धुतले तेव्हा पाण्याबरोबर वारेचा कुजका तुकडा आला, आणि पुढेही पाणी कधी स्वच्छ आलेच नाही. चौथ्या वर्षी शरदात ब्लाझने तिला मालगाडीने जनावरे नेणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकले. लास्ता कुठे गेली, ते येलाला कोणी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

मग ते पत्र आले. येलाने लिहिले होते: “सासरे म्हणतात, मी घाई करून नवव्या दिवशी नेली म्हणून घोडी नासली. तुम्ही तिला आतून तपासलं आहे. खरं काय ते एका ओळीत लिहा. माझा दोष असला तरी लिहा.”

त्यानंतर डॉक्टरांनी काम सोडले. मी पुस्तकांच्या मागे गेले. माझे कातडे तडकले, रबरी नळी चिकट झाली. धूळ पुसायला कोणी आले नाही. पत्र माझ्याजवळ होते, पण मला लिहिता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांचा धीर होत नव्हता.

या वसंतात ब्लाझ स्वतः आला. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून उभ्यानेच तक्रार करू लागला.

“नवी डॉक्टरीण आली आहे ना, ती म्हणते वार झाडावरून काढा, अंगणात पसरा, मला बघायची आहे. मी म्हटलं, बाई, ती वार आहे, चादर नाही. डॉक्टर, तुम्ही चाळीस वर्षं आलात. कधी मागितलीत?”

“मागायला हवी होती,” डॉक्टर म्हणाले.

“काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, माझे कान गेलेत.”

“काही नाही.”

“तेच तर. तुम्हाला घोडी कळत होती. आमच्या सुनेनं घाई केली नसती, तर लास्तानं आजवर आठ शिंगरं दिली असती. अजून सुनावतो मी तिला. परवा नातवासमोर सुनावलं, तर ताट सोडून उठली. खरं बोललं की लागतं.”

ब्लाझ गेला. डॉक्टर त्या एकमेव खुर्चीवरून उठले. मग त्यांनी मला बाहेर ओढले, बटण काढले आणि पत्र टेबलावर पसरले. चार कागद फाडून झाल्यावर पाचव्यावर त्यांनी लिहिले:

“येला, दोष तुमचा नव्हता. नवव्या दिवसाच्या आधीपासूनच वारेचा तुकडा आत होता. त्या सकाळी वार खाली उतरवून पाहणं हे माझं काम होतं. मला मागायला संकोच वाटला. हे तुमच्या सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांना कमी ऐकू येतं. ताडिया.”

मित्रांनो, मी उपदेश करावा एवढी मोठी नाही. तरी एक सांगते. मुक्या जनावराची काळजी नुसत्या हातांनी होत नाही. त्याच्यासाठी कोणाला तरी तोंड उघडावे लागते, रीत मोडत असली तरी, कान लाल झाले तरी. आणि आपण गप्प राहिलो, तर त्याचा भार दुसरेच कोणीतरी वाहते.

डॉक्टर मला काखेत धरून पोस्टात आले. खिडकीत कातित्सा होती. तिने पाकीट डोळ्यांजवळ नेले.

“येला? ब्लाझची सून? अहो डॉक्टर, चर्चच्या मागं तर घर. चालत नेऊन द्या की. तिकिटाचा खर्च कशाला?”

“चालत गेलो तर दारातून परत येईन. तू शिक्का मार.”

“एवढं काय लिहिलंय? या वयात प्रेमपत्र?”

डॉक्टरांचे कान लाल झाले, पण ते खिडकीतून हलले नाहीत. कातित्साने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.