लिंबाचा पाला

"बाई, माईक धरा. अन् लांबण लावू नका, बाया कालपास्नं उपाशी हायत," हनुमंत गुरव म्हणाला आणि माईक माझ्या हातात कोंबून आरतीचं ताट बघायला गेला.

समोर पन्नासेक बायका, दारात ओल्या चपलांचा ढीग, लाह्यांनी पांढरा झालेला दगडी नागोबा. आणि पहिल्या रांगेत, खांबाला टेकून, माझी आई. आक्काबाई.

तिला आणायचंच नव्हतं मला. सकाळी म्हटलंही, "आये, पाऊस हाय, गुडघं दुखत्यात तुझं. ऱ्हा की घरी."

"बावीस वर्सं येतीया, तवा गुडघं काय पळत व्हतं व्हय?" म्हणत तिनं दिंडांचा डबा पिशवीत घातला.

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. टोचायचंही नाही. मी उपकेंद्रातली नर्स, पण आजच्या दिवशी माझ्या सुईपुढे दंड उघडा करायला कोणी येत नाही. सरकारनं न दिलेली ही सुट्टी मला नागोबानं दिलेली आहे. उपास मात्र करते. आदल्या दिवशीचा उपास भावासाठी असतो आणि जिला भाऊ नाही तिनं नागोबाला भाऊ मानायचं, अशी रीत आहे. भाऊ नेला त्यालाच भाऊ म्हणायचं. मी म्हणते. न म्हणून जाणार कुठे?

धनाजी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या रानात तो म्हशी राखत होता, तेव्हा त्याच्या पायाला नाग चावला. मी पुण्यात नर्सिंग शिकत होते. वाडीतल्यांनी जे सगळे करत तेच केलं. त्याला या देवळात आणलं, नागोबापुढच्या शिळेवर निजवलं आणि कडुलिंबाचा पाला चघळायला दिला. इकडच्या पावसात लिंब धरत नाही. देवळापुढचं हे एकच झाड कुणीतरी भोंगवलीहून रोप आणून जगवलेलं. त्याचा पाला गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर चढलं नाही, अशी समजूत. धनाजी म्हणाला, "कडू लागतंय, आये." आईनं हात जोडले. सगळे निवांत बसले. चार तासांनी त्याच्या पापण्या उघडेनात, तेव्हा जीप शोधली. भोरच्या अलीकडेच तो गेला.

तेराव्याला आईनं मला मागच्या दारी गाठून विचारलं, "लगीच दवाखान्यात नेला असता तर?"

मी म्हटलं, "न्हाई गं. लई जहाल व्हतं. पुण्याला नेला असता तरी वाचला नसता."

त्याच महिन्यात आमच्या वॉर्डातून नाग चावलेली एक बाई चालत घरी गेली होती. तिच्या सलाईनची बाटली मीच बदलत होते. पण आईला तेव्हा औषधाची गरज होती आणि माझ्याकडे तेवढंच होतं. पुढे ते बंद करायचं राहून गेलं.

यंदा जेठात साप चावलेला एक म्हातारबा त्याच शिळेवर गेला. हनुमंत उपकेंद्रात येऊन खाली मान घालून म्हणाला, "माझ्या बापानंबी हेच केलं, म्याबी केलं. आता तुमी सांगा. देवाच्या दारात सांगितलं तर ऐकतील." मी हो म्हटलं. आईसमोर सांगावं लागेल, हे कळत नव्हतं असं नाही. तिचे गुडघे तिला घरी ठेवतील, असा हिशेब केला होता.

मी सुरुवात केली. पान लागलं, म्हणजे साप चावला, की पाय हलवू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, १०८ला फोन करायचा.

"पर बाई," शेजारच्या वाडीतली रत्ना म्हणाली, "लिंब कडू लागला तर ईख न्हाई, आसं माझी सासू सांगती."

"सासूचं कवापास्नं ऐकाया लागलीस गं तू?"

बायका खदखदून हसल्या. हसू संपेपर्यंत मी आईकडे बघितलं नाही.

"ईख चढलेल्यालाबी पाला कडूच लागतो," मी म्हणाले. "त्याच्यावर काई ठरत न्हाई."

आईनं हात वर केला. शाळेतल्या पोरी करतात तसा.

"बाई," ती मला म्हणाली, "दुपारी बाराला पान लागलं, आन् चारला हलवलं तर?"

आमच्या वाडीच्या बायका आईकडे वळून बघू लागल्या.

"उशीर व्हतो," मी म्हणाले.

"आन् बाराला लगीच नेलं तर?"

बावीस वर्षांपूर्वीचं उत्तर जिभेवर तयार होतं. रत्ना आपल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. रानात राहणारी पोर.

"वाचतो, आये. बहुतेक वाचतो."

माईकमधून ते फार मोठं ऐकू आलं. "आसं व्हय," एवढंच आई म्हणाली आणि पदर सारखा केला. आरती सुरू झाली.

आरतीनंतर आई जागेवर नव्हती. बघते तर ती नागोबापुढच्या शिळेच्या कडेवर बसली होती, हातात लिंबाची डहाळी. एक पान चघळत होती.

"आये, चल. एस्टी यील."

"मला बरं वाटावं म्हून तर म्हणला नसंल त्यो, कडू लागतंय म्हून?"

"ठावं न्हाई गं."

"व्हय. तू तरी काय सांगशील?" तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "तूबी तसलीच."

खाली वळणावर एस्टीनं हॉर्न दिला. आई हलली नाही. मीही टेकले.

दरवर्षी पहिलं दिंड ती नागोबापुढे ठेवते. आज तिनं डबा उघडला आणि पदराच्या टोकानं शिळेची उशाकडची बाजू पुसली. हळूहळू, कपाळावरचा घाम टिपावा तशी. मग पहिलं दिंड तिथं ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"खा," ती म्हणाली. "कालपास्नं त्याच्यासाठी उपाशी हायस."