तिसाव्या दिवसाचा चढ

स्वानंदीने एक महिना मागून घेतला होता. परदेशातल्या, ॲडम्सटाउनच्या घराबाहेर दोन वर्षं थंडीपावसात खपून तिने जुन्या छोट्या गाडीत हाय कॉम्प्रेशनचं इंजिन बसवलं होतं, म्हणजे पेट्रोल आणि हवा नेहमीपेक्षा जास्त दाबून जास्त ताकद काढणारं. असली इंजिनं शर्यतीत शोभतात, दूध आणायला जाणाऱ्या गाडीत नाही, असं तिच्या नवऱ्याचं, यशोधनचं, ठाम मत. शेवटी ठरलं की महिनाभर रोज हीच गाडी वापरायची. रस्त्यात एकदाही थांबावं लागलं नाही तर गाडी राहील, नाहीतर विकायची.

चेरीवूडचं ऑफिस, किराणा, पाहुण्यांची ने-आण, एकोणतीस दिवस बिनबोभाट गेले. तिसाव्या दिवशी, रविवारी, नागपूरहून आलेल्या सासूबाईंना, लीलावतीबाईंना, डोंगर दाखवायला तिघं निघाली.

चढ लागला आणि मागच्या सीटवरून लीलावतीबाई म्हणाल्या, "काय गं, डब्यात खडे हलवल्यासारखं काय वाजून राहिलं?"

स्वानंदीने डॅशबोर्डवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. एकही इशारा नव्हता. रस्ताच खराब आहे, असं ती सांगणार होती, तेवढ्यात तिला आठवलं. इंजिनातले ठोके ऐकणारा सेन्सर पहिल्या आठवड्यात सारखा कुरकुरत होता. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर सिस्टिमचे खोटे इशारे झेलून कावलेली ही बाई. तिने तिथे करतात तेच केलं, इशारा देण्याची मर्यादा वाढवून सेन्सरचं तोंड बंद केलं. नंतर बघू म्हणाली, आणि नंतर कोणी कधी बघत नाही. ऑफिसात हे खपतं, पिस्टनला खपत नाही. दाबलेलं पेट्रोल मनाला येईल तेव्हा पेटून पिस्टनवर घण घालत होतं. सपाट रस्त्यावर ते जाणवलं नव्हतं. आज तीन माणसं होती आणि चढ.

माथा दहा मिनिटांवर होता. तेवढं रेटलं की गाडी तिची. तिने इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली.

"बंद पडली?" यशोधनने विचारलं.

"नाही, मी थांबवली." सेन्सरची सगळी हकीकत तिने सांगून टाकली. "अट मोडली, मला माहितेय. पण इंजिन फोडून जिंकायचं नाहीये मला."

गाडीला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने सेन्सरची मर्यादा पूर्ववत केली आणि पेट्रोल पेटवणारी ठिणगी इंजिनाच्या फेऱ्यात चार अंश उशिरा पडेल असं केलं, म्हणजे ठोके बसणार नाहीत. ज्या ताकदीसाठी दोन वर्षं हात काळे केले, तिच्यातली बरीच त्या एका आकड्याने गेली. तिला फार वाईट वाटलं, तरी हात थांबला नाही.

गाडी पुन्हा चढू लागली, जरा सावकाश. खडे वाजले नाहीत. माथा आला. स्वानंदीने इंजिन बंद केलं आणि किल्ली यशोधनपुढे धरली. "विकायचं तर विक," ती म्हणाली.

"यशोधन," लीलावतीबाई म्हणाल्या, "गाडी नाही थांबली. हिनं थांबवली. एवढा फरक तुले समजते ना?"

यशोधनने किल्ली घेतली, हातात दोनदा फिरवली. मग उतरून तो ड्रायव्हरच्या बाजूला आला आणि दार उघडून म्हणाला, "सरक. परत जाताना आपली गाडी मी चालवतो."

"चालव," ती म्हणाली. "पण खडे वाजले की थांबायचं."